पुण्यात बसून युक्रेनच्या पुनर्बांधणीवर उपयोगी पडेल असं संशोधन कसं करायचं

‘युक्रेनची पुनर्बांधणी : आव्हाने आणि संधी’ असा विषय घेतला की प्रबंध होतो, पण तो कुणाच्या कामी येत नाही. ज्या देशात आजही रात्री क्षेपणास्त्रं पडतात आणि सकाळी पालिकेची माणसं काचा झाडून पाण्याची लाइन जोडायला लागतात, तिथे संशोधनाने एखादा नेमका निर्णय सोपा करून दिला पाहिजे. अर्थशास्त्र, संरक्षणशास्त्र, नगररचना किंवा उपग्रहचित्रांचं विश्लेषण शिकलेल्या पुण्यातल्या दोघा-तिघांना हे चार महिन्यांत जमू शकतं. त्याची पद्धत इथे देत आहोत.

युक्रेनच्या बाबतीत पुनर्बांधणी आणि युरोपीय संघात सामील होणं हे दोन वेगळे विषय नाहीत, हे आधी पक्कं करून घ्या. २८ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे रशियाच्या आक्रमणानंतर चौथ्याच दिवशी, युक्रेनने सदस्यत्वाचा अर्ज केला. २३ जून २०२२ ला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला आणि २५ जून २०२४ ला वाटाघाटींची औपचारिक सुरुवात झाली. आज जो पूल किंवा जे वीज उपकेंद्र उभं राहील ते पुढची चाळीस-पन्नास वर्षं वापरायचं आहे. त्यामुळे कुठलाही विषय घ्या, त्याच्या तळाशी हाच प्रश्न असतो : होतं तसंच पुन्हा उभारायचं, की उद्या ज्या बाजारात जायचंय त्याच्या मापाने?

प्रश्न निर्णयापासून काढा

वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहा : कोण ठरवणार आहे, काय ठरवणार आहे, कधीपर्यंत, आणि आपला आकडा वेगळा आला तर निर्णय बदलेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर विषय सोडून द्या, कितीही आवडता असला तरी.

ठरवणारे मुख्यतः तीन जागी बसलेले असतात. पहिली जागा ह्रोमादा, म्हणजे साधारण आपली नगरपरिषद आणि आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र केल्यासारखी स्थानिक संस्था. २०२० च्या फेररचनेनंतर देशात अशा सुमारे १,४७० संस्था आहेत. दुसरी जागा कीवमधली मंत्रालयं. तिसरी जागा पैसा देणारे : युरोपीय आयोग, जागतिक बँक, युरोपीय गुंतवणूक बँक वगैरे. युरोपीय संघाचा २०२४ ते २०२७ साठीचा ‘युक्रेन फॅसिलिटी’ हा निधी ५० अब्ज युरोंचा आहे. त्यात ३३ अब्ज कर्ज आणि १७ अब्ज अनुदान. यातला मोठा भाग तिमाही हप्त्यांनी मिळतो, आणि प्रत्येक हप्त्यामागे ठरलेली सुधारणा पूर्ण करावी लागते. सुधारणांची ही यादी जाहीर आहे. ती उघडा, सहा ते नऊ महिन्यांनंतरची एखादी पायरी निवडा आणि तिच्याशी जोडलेला प्रश्न घ्या. तुमचं टिपण त्या तारखेच्या आठ-दहा आठवडे आधी पोचलं तरच वाचलं जातं. मसुदा ठरल्यावर आलेलं उत्तम संशोधन फक्त तळटीपेत जातं.

हानी, तोटा आणि गरज यांची खिचडी करू नका

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. जागतिक बँक, युरोपीय आयोग, संयुक्त राष्ट्रं आणि युक्रेन सरकार मिळून वेळोवेळी एक अंदाज काढतात. त्याला आरडीएनए (रॅपिड डॅमेज अँड नीड्स असेसमेंट) म्हणतात. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच्या चौथ्या अंदाजात थेट हानी १७६ अब्ज डॉलर, आर्थिक तोटा ५८९ अब्ज आणि पुढच्या दहा वर्षांची गरज ५२४ अब्ज डॉलर आहे. या तीन आकड्यांची बेरीज करायची नसते, आणि एकाच्या जागी दुसरा वापरायचाही नसतो.

खार्किवमधली पडलेली शाळा घ्या. इमारत आणि बाकं पूर्वीसारखी करायला जो खर्च येईल ती हानी. शाळा बंद असताना पर्यायी जागेचं भाडं, बुडालेलं काम, विस्कळीत झालेली सेवा हा तोटा. आणि आता जी शाळा बांधायची तिला तळघरात निवारा हवा, थंडीसाठी नीट इन्सुलेशन हवं, अपंग मुलांसाठी रॅम्प हवा. या सगळ्याचा खर्च म्हणजे गरज. खार्किवमध्ये तर आता जमिनीखालीच शाळा बांधल्या आहेत. त्यांचा दर चौरस मीटरचा खर्च जुन्या शाळेच्या दराने काढला तर अंदाज पार कोसळतो.

तोटा मोजायला पुण्यातच एक भक्कम परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटमधून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची जी पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात कालव्याचे थेट फायदे आणि अप्रत्यक्ष फायदे दोन्ही मोजले होते. पाणीपट्टीचं उत्पन्न एवढाच कालव्याचा हिशेब नव्हे, हा तिचा गाभा. तीच चौकट उलटी लावून दक्षिण युक्रेनमधल्या द्निप्रो नदीवरच्या काखोव्का धरणाचा अभ्यास करता येतो. ६ जून २०२३ ला ते धरण उद्ध्वस्त झालं. जलाशयात सुमारे १८ घन किलोमीटर पाणी मावत होतं, आपल्या हिशेबात जवळजवळ ६४० टीएमसी. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे, त्यावरून अंदाज करा. धरणाची भिंत आणि वीजकेंद्र ही हानी झाली. पण खाली वाळलेल्या कालव्यांवरची शेती, गावांचं पिण्याचं पाणी, मासेमारी आणि प्रक्रिया उद्योग हा सगळा तोटा वेगळा, आणि तो दरवर्षी चालूच राहतो. धरण पुन्हा बांधायचं की लहान साठ्यांवर आणि पाइपलाइनवर जायचं, हा खुला आणि खरा प्रश्न आहे. अशा विषयात अर्थशास्त्राच्या माणसाने जलविज्ञान स्वतः रेटू नये. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी काम केलेला माणूस सोबत घ्यावा.

पैशांचं रूपांतर करताना तारीख लिहायला विसरू नका. जुलै २०२२ पर्यंत एका डॉलरला २९.२५ ह्रिव्निया (युक्रेनचं चलन) असा बांधलेला दर होता, २१ जुलै २०२२ पासून तो ३६.५७ झाला आणि ऑक्टोबर २०२३ नंतर सैल सोडला. २०२२ चं कंत्राट २०२४ च्या दराने डॉलरमध्ये नेलं तर काम होतं त्यापेक्षा बरंच स्वस्तात झाल्यासारखं दिसतं.

माणसं किती, हेच ठाऊक नसताना

युक्रेनची शेवटची जनगणना डिसेंबर २००१ मध्ये झाली. त्यानंतर क्रिमिया रशियाने घेतला, लाखो माणसं देशातल्या देशात हलली, चाळीस लाखांहून जास्त माणसं युरोपीय संघात तात्पुरत्या संरक्षणाखाली आहेत. दरडोई काहीही काढताना भाजक कुठला घेतला हे पहिल्याच पानावर सांगा.

एकच लोकसंख्या गृहीत धरू नका, तीन पर्याय चालवा. समजा एका गावच्या शाळेत युद्धापूर्वी ४०० मुलं होती आणि आज तिथे १२० आहेत. गेलेल्या २८० पैकी २० टक्के परतली तर पटावर १७६, निम्मी परतली तर २६० आणि ७० टक्के परतली तर ३१६ मुलं होतील. चारशेची शाळा तिन्ही पर्यायांत मोठी ठरते. मग १८० मुलांची इमारत आणि बाजूला वाढवायला मोकळी जागा, असा सल्ला देता येतो. तो ह्रोमादाच्या प्रमुखाला लगेच समजतो आणि त्यावर कृतीही होते.

आता सगळ्यात कंटाळवाणा, पण सोडला तर सगळं बुडवणारा भाग : ठिकाणांची नावं आणि संकेतांक. जुलै २०२० मध्ये युक्रेनमधले ४९० रायोन, म्हणजे आपले तालुके म्हणा, एकत्र करून १३६ केले. जुनी माहिती जुन्या तालुक्यांनुसार, नवी नव्यांनुसार. त्याच सुमारास ठिकाणांची जुनी संकेतांक-यादी जाऊन नवी आली. वर नावं बदललेली. बाखमुत हे २०१६ पर्यंत आर्तेमिवस्क होतं. द्निप्रोपेत्रोवस्क शहर २०१६ मध्ये द्निप्रो झालं, पण प्रांताचं नाव मात्र द्निप्रोपेत्रोवस्कच राहिलं. एकेका नावाची रशियन आणि युक्रेनियन अशी दोन रूपं, आणि रोमन लिपीत प्रत्येकाची आणखी दोन-तीन. म्हणून नावावरून तक्ते कधीच जोडू नका. आधी जुना संकेतांक ते नवा संकेतांक अशी एक जोडयादी बनवा, न जुळलेल्या नोंदी हाताने तपासा आणि किती जुळल्या नाहीत ते अहवालात छापा. यावर पूर्ण तीन आठवडे ठेवा. घाईने एका दुपारीत केलेली जोडणी पुढे एखाद्या गावाचं नुकसान दुसऱ्याच्या नावावर टाकते, आणि तिथल्या माणसाच्या नजरेला ते पहिल्या मिनिटात पडतं. मग तो बाकीचं वाचत नाही.

वरून दिसणारं नुकसान

पुण्यात बसलेल्या माणसाला उपग्रह हा मोठा आधार आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं १० मीटर तपशिलाची आणि फुकट मिळतात, पण ढगांत अडकतात. सेंटिनेल-१ रडारने बघतो, त्याला ढगांची अडचण नाही. युद्धापूर्वीच्या किमान दहा-बारा रडार चित्रांवरून त्या जागेचं नेहमीचं वागणं ठरवा आणि मग हल्ल्यानंतरचा बदल मोजा. तुलना त्याच ऋतूतल्या चित्रांशी करा. बर्फ पडला की रडारला सगळं गावच बदललेलं दिसतं. सूर्यफुलाचं शेत कापलं की तेही.

रात्रीच्या दिव्यांचे आकडे वापरणाऱ्यांनी विशेष सांभाळा. दिवे गेले म्हणजे कारखाना गेला असं नाही. ऑक्टोबर २०२२ पासून वीजव्यवस्थेवर सतत हल्ले झाले, भारनियमन आलं, शिवाय शहरांनी मुद्दाम अंधार पाळला. त्या अंधाराला ‘आर्थिक घसरण’ असं लेबल लावलेली प्रतिमानं निर्णयाला घातक आहेत.

आणखी एक मर्यादा : वरून छत दिसतं. आतून जळलेली नऊ मजली इमारत, जिचं छत शाबूत आहे, ती उपग्रहाला धडधाकट वाटते. म्हणून दोनेकशे इमारतींचा नमुना काढा, त्यात जुनी सोव्हिएत पॅनेलची घरं, विटांची बैठी घरं आणि औद्योगिक शेड वेगवेगळी ठेवा, दोघांनी एकमेकांना न विचारता उच्च तपशिलाच्या चित्रांवरून आणि रस्त्यावरून काढलेल्या उघड फोटोंवरून ती तपासावीत, मग किती पडझडी पकडल्या आणि किती खोट्या पकडल्या हे दोन्ही प्रमाण द्यावं. एकच ‘अचूकता ९० टक्के’ देऊ नका. शंभरातली नव्वद घरं शाबूत असतील तर सगळ्यांना ‘शाबूत’ म्हणणारं प्रतिमानही ९० टक्के अचूक ठरतं.

शेजाऱ्यांशी जोडणी : रूळ, तारा, धान्य

रुळांचं उदाहरण घ्या. युक्रेनचे रूळ १,५२० मिलिमीटरचे, युरोपचे १,४३५ चे. फरक ८५ मिलिमीटरचा, पण सीमेवर माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो किंवा डब्यांखालची चाकं बदलावी लागतात. पुणे–मिरज मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला तेव्हा नुसते रूळ बदलले नाहीत, पूल, फलाट, डबे, माल चढवायच्या जागा सगळंच बदललं. तोच हिशेब इथे. दर किलोमीटरचा रूळखर्च काढून थांबलात तर खर्चाचा मोठा भाग हुकतो.

पण मुख्य सापळा निराळा आहे. २०२२ च्या वसंतात काळ्या समुद्रातली बंदरं बंद होती, म्हणून धान्य रेल्वेने आणि ट्रकने पोलंड-रुमानियाकडे गेलं. जुलै २०२२ ते जुलै २०२३ समुद्री धान्यकरार चालला. तो मोडल्यावर ऑगस्ट २०२३ पासून युक्रेनने स्वतःचा सागरी मार्ग उघडला आणि धान्य बऱ्याच प्रमाणात पुन्हा ओदेसाच्या बंदरांकडे वळलं. आता २०२२ च्या वाहतुकीवरून कुणी ‘सीमेवर अमुक इतकी धान्यकोठारं हवीत’ असं काढलं, तर ती रिकामी राहण्याची दाट शक्यता आहे. मालवाहतुकीच्या अभ्यासात २०१९-२१, २०२२-२३ चा बंदरं बंद किंवा अर्धवट चालू असलेला काळ आणि त्यानंतरचा काळ हे तीन तुकडे वेगळे ठेवा. ‘समुद्र उघडा’ आणि ‘समुद्र बंद’ अशा दोन्ही स्थितींत प्रकल्प टिकतो का ते दाखवा.

व्यापाराचे आकडे काढताना गहू १००१, मका १००५, सूर्यफूल बी १२०६ आणि सूर्यफूल तेल १५१२ हे सीमाशुल्काच्या नोंदीतले चार अंकी संकेतांक पकडा. युक्रेनने नोंदलेली निर्यात आणि समोरच्या देशाने नोंदलेली आयात शेजारी मांडा. फरक येतोच. निर्यात बंदरातल्या किमतीने मोजतात, आयातीत भाडं-विमा धरतात, शिवाय रुमानियाच्या कॉन्स्टान्त्सा बंदरातून पुढे जाणारा माल कधी आयात म्हणून नोंदतात, कधी संक्रमण म्हणून. भारताची नोंदही तपासा. युद्धापूर्वी आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा हिस्सा युक्रेनचा होता, त्यामुळे आपले आयातीचे आकडे पडताळणीला चांगले उपयोगी पडतात.

एकीकरणाचा अभ्यास फक्त युक्रेनच्या बाजूने केला तर तो अर्धाच राहतो. एप्रिल २०२३ मध्ये पोलंड, हंगेरी आणि स्लोव्हाकियाने युक्रेनच्या धान्याची आयात रोखली, कारण सीमेलगतच्या त्यांच्या शेतकऱ्यांचे भाव पडले होते. देशभराची सरासरी काढली तर पोलंडचा फायदाच दिसत असेल, पण सीमेलगतच्या शेतकऱ्याला सरासरीशी काय देणंघेणं? कुणाचं, कुठल्या जिल्ह्यात, किती महिने नुकसान होतं याचा एक तक्ता प्रत्येक अहवालात हवा. तो नसला तर सल्ला कागदावर बरोबर आणि रस्त्यावर अडलेला, अशी गत होते.

विजेचं जाळं मात्र लवकर जुळलं. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे युक्रेनने रशिया-बेलारूसच्या जाळ्यापासून तुटून चाचणी सुरू केली, काही तासांत आक्रमण झालं, आणि १६ मार्चला ते युरोपच्या जाळ्याशी जोडलं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिकडून एका वेळी २,१०० मेगावॉटपर्यंत वीज आणायची मुभा मिळाली. मोडलेलं मोठं औष्णिक केंद्र पुन्हा उभारण्याचा प्रस्ताव तपासताना ही क्षमता आणि विखुरलेली लहान केंद्रं दोन्ही पर्याय म्हणून मांडा.

इतिहासातून काय घ्यावं

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला मदत दिली त्या मार्शल योजनेचं नाव प्रत्येक भाषणात येतं. १९४८ ते १९५२ या काळात सुमारे १३ अब्ज डॉलर, तेही युद्ध संपल्यावर. युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे. त्या योजनेतून घेण्यासारखं आहे ते पैसे वाटण्याची रीत. युरोपच्या देशांनी एकत्र बसून मागणी ठरवावी ही अट होती, त्यातून १९४८ ची युरोपीय आर्थिक सहकार्य संघटना आणि देशादेशांतली देणी मिटवणारी १९५० ची पेमेंट्स युनियन उभी राहिली. तुलनेसाठी क्रोएशिया जास्त जवळचा : १९९१-९५ चं युद्ध, भूसुरुंग, परतणारे विस्थापित आणि १ जुलै २०१३ ला संघात प्रवेश. निधी पचवण्याची क्षमता बघायची तर २००४ नंतरचा पोलंड.

घरांच्या बाबतीत आपल्याकडचं किल्लारी विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर काही गावं पूर्ण हलवून नव्या आखणीने वसवली आणि अनेक गावांत लोकांनी आपल्याच जागी घरं दुरुस्त केली. हलवलेल्या गावांत शेतापासूनचं अंतर, गोठ्याची जागा, भावकीची आळी मोडणं असे प्रश्न वर्षानुवर्षं राहिले. युक्रेनमध्ये पडलेल्या घराची भरपाई ‘दिया’ या सरकारी ॲपवरून मागता येते. मालकाने घर कुठे आणि कसं बांधायचं हे ठरवण्याची किती मोकळीक त्यात आहे, हा किल्लारी माहीत असलेल्या माणसाने विचारायचाच प्रश्न.

सुरक्षितता आणि माणसं

दुरुस्त झालेल्या ट्रान्सफॉर्मरचे, पुलाचे, गोदामाचे अक्षांश-रेखांश कधीही छापू नका. तपशील ह्रोमादाच्या पातळीला गोळा करा आणि ऊर्जेच्या बाबतीत प्रांताच्या पातळीला. तुमची माहिती ‘उघड’ स्रोतांतून आली असली तरी चार उघड तुकडे जोडले की लक्ष्य तयार होतं. फोनवरच्या मुलाखतीत सैन्यभरती, घरातले पुरुष कुठे आहेत, आधी कुणाच्या ताब्यातल्या भागात राहत होता, असे प्रश्न टाळा. नावं वेगळ्या, कुलूपबंद फायलीत ठेवा. तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी पहिल्याच महिन्यात घ्या.

युक्रेनियन सहलेखक सुरुवातीपासून हवा, शेवटी नाव घालायला नव्हे. कीव स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने नुकसान मोजण्याचं मोठं काम केलं आहे. ल्विवच्या आणि खार्किवच्या विद्यापीठांतही माणसं आहेत. त्यांच्या कामाचा मोबदला प्रकल्पाच्या खर्चात धरा. पुण्यात रशियन वाचणारे सापडतात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती भाषा शिकवली जाते. पण सरकारी कागद युक्रेनियनमध्ये असतात आणि रशियनवरून अंदाजाने वाचलेला कंत्राटाचा मजकूर हमखास चुकतो. बैठक पुण्याच्या दुपारी दीड-दोनला ठेवा. हिवाळ्यात तिथे दहा-साडेदहा वाजलेले असतात, उन्हाळ्यात अकरा-साडेअकरा. वीज गेली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा : बैठकीचा कागद आदल्या दिवशी मेलवर गेलेला असावा आणि उत्तर लेखी आलं तरी चालावं.

खर्चाची पडताळणी आणि अहवाल

सरकारी खरेदी ‘प्रोझोर्रो’ या उघड प्रणालीवर दिसते, पुनर्बांधणीचे प्रकल्प ‘ड्रीम’वर. एका प्रकारची तीस-चाळीस कामं घ्या, दर चौरस मीटर किंवा दर किलोमीटरचा खर्च काढा आणि मूळ कंत्राटाबरोबर नंतरची प्रत्येक दुरुस्तीही धरा. २०२२ मध्ये बरीच तातडीची कामं स्पर्धेविना थेट दिली गेली, ती वेगळी ठेवा.

अहवाल दोन पानांचा, युक्रेनियन आणि इंग्रजीत. पहिल्या पानावर निर्णय, आकड्याची खालची आणि वरची मर्यादा, आणि कुणाचं नुकसान होणार तो तक्ता. दुसऱ्या पानावर युद्धाची आघाडी पुढे-मागे सरकली तर सल्ल्यातलं काय बदलेल. पद्धतीची पंधरा-वीस पानं आणि संगणकीय कोड वेगळं जोडा. प्रत्येक आकड्याला ‘अमुक तारखेपर्यंत’ ही शेपटी हवीच. आरडीएनएचे ३४९, ४११, ४८६ आणि ५२४ हे चारही आकडे आपापल्या तारखेला बरोबर आहेत. नवा अंदाज आला की आठवडाभरात आपले तक्ते पुन्हा चालवा, काय बदललं त्याचं एक पान करा आणि ज्यांना आधीचं टिपण दिलं होतं त्या प्रत्येकाला पाठवा. आपला सल्ला बदलत नसेल तर तेही कळवा, कारण समोरचा माणूस त्या कागदावर बांधकामाची सही करणार असतो.